आदरार्थी बहुवचन

१

दुकानदारानं सांगितलेलं सगळं बाईंनी वहीत उतरवून घेतलं होतं. टँक भरला की महिनाभर मासे आणायचे नाहीत. रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाद्य मात्र टाकायचं. ते कुजतं, त्यावर चांगले जंतू वाढतात आणि पाणी राहण्याजोगं होतं. मग तीनच मासे आणायचे. पंधरा दिवस ते तगले, तर आणखी तीन.

"रिकाम्या टँकला महिनाभर खायला घालायचं?" बाईंनी विचारलं होतं.

"इथंच तर लोक चुकतात, बाई. सकाळी टँक नेतात, संध्याकाळी मासे सोडतात, आणि आठवड्यानं माझ्याशी भांडायला येतात."

बाई चुकणाऱ्यांतल्या नव्हत्या. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. ऱ्हस्व-दीर्घावरून एका आमदाराच्या मुलाचाही अर्धा गुण कापलेला. एकदा वहीत उतरलं, की ते त्यांच्या दृष्टीनं दगडावर कोरलेलं असायचं.

टँक हौसेसाठी नव्हताच. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या यजमानांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला, आणि वाचा पूर्ण गेली. उरला फक्त एक हुंकार. यजमान गोदीत क्रेनवर होते, निवृत्तीनंतरही सगळे त्यांना क्रेनवालेच म्हणत. तीस वर्षं चाळीस फुटांवरून खालच्या माणसांवर ओरडण्यात गेलेली, त्यामुळे सगळ्या जगाला अरे-तुरे. बँकेचा मॅनेजर असो, डॉक्टर असो, लेकीचा सासरा असो. "वरून सगळ्यांची टाळकीच दिसतात, मान कुणाला देऊ?" असं म्हणायचे.

बाईंना ते "अगं" म्हणायचे. नाव कधी घेतलं नाही. घरात शिरताना "अगं", चष्मा सापडेना की "अगं", काही काम नसलं तरीही "अगं". एकेचाळीस वर्षं त्या शब्दाला वैतागलेल्या बाई आता तो ऐकायला मिळावा म्हणून काहीही करायला तयार होत्या. दर बुधवारी येणारी स्पीच थेरपिस्ट म्हणाली, काकांना बघायला हलतं काहीतरी द्या, त्यावरून बोलतं करा. त्याच दुपारी बाई दुकानात गेल्या.

२

टँक लहानसाच, दीड हाताचा. क्रेनवाल्यांच्या आरामखुर्चीसमोर बैठ्या कपाटावर ठेवला. उजवी बाजू भिंतीला. तळाला बारीक खडी, दोन झाडं, एक फिल्टर, एक हीटर. झाकण दुकानात शिल्लक नव्हतं, ते नंतर येणार होतं. पाणी उडून जातं म्हणून बाईंनी काचेवर निळ्या पेननं रेघ ओढली, आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भर घालू लागल्या.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी चारला, बाई चहा गाळत होत्या. आतून आवाज आला.

"आले."

हातातलं गाळणं ओट्यावर पडलं. बाई धावत आल्या. क्रेनवाले खुर्चीत ताठ बसले होते आणि टँककडे बघत होते.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"आले," क्रेनवाले म्हणाले. थोडं घरंगळलेलं, पण स्पष्ट.

बाईंना रडू कोसळलं. मग हसूही आलं, कारण चहात आलं हवंय का, असं त्यांनी खरोखरच विचारलं. क्रेनवाल्यांनी मान हलवली. नाही. डाव्या हाताचं बोट टँककडे केलं. फिल्टर गुरगुरत होता. बाकी टँकमध्ये पाणी, झाडं आणि कुजलेल्या खाद्याचा एक तुकडा.

"मासे अजून यायचेत हो. अकरा दिवस राहिलेत. आलेत नाही, येणार आहेत. म्हणा, येणार."

क्रेनवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात हुशार मुलगा चुकीच्या प्रश्नावर बघतो, तसं.

बुधवारी थेरपिस्ट इतकी खूश झाली, की तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. "क्रियापद आलं, काकू! काळ चुकला तर चुकू दे. क्रियापद येणं फार मोठी गोष्ट आहे."

त्या दुपारी पाणी निळ्या रेघेच्या दोन बोटं वर होतं. सकाळी भर घालताना हात सैल सुटला असणार, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या तांब्यानं कमी घातलं.

३

तीन मासे आले. प्लॅटी जातीचे, अंगठ्याएवढे, केशरी. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, मग हळूहळू टँकचं पाणी तिच्यात घालायचं, हे बाईंनी घड्याळ लावून केलं. पंधरा दिवस तिघंही तगले. मग आणखी तीन आले. असे सहा झाले.

मासे छान होते, फक्त उजवीकडे जात नव्हते.

सगळे डाव्या अर्ध्यात. तोंडं उजवीकडे, शेपट्या काचेला. सकाळी थोडे मोकळे हिंडत. चारच्या सुमाराला मात्र ओळीनं उभे. हेडमास्तर दारात आले की वर्ग उभा राहतो, तसे. बाईंनी दुकानदाराला फोन लावला.

"फिल्टर कुठं आहे? उजवीकडे? मग त्याच्या झोताला घाबरतात. फिल्टर डावीकडे घ्या."

बाईंनी फिल्टर डावीकडे घेतला. मासे झोतात थरथरत राहिले, पण डावीकडेच.

त्याच दुपारी क्रेनवाले म्हणाले, "त्यांना भूक लागलीय."

तीन शब्द. कर्ता, कर्म, क्रियापद असं काही मोजायच्या आत बाई खाद्याचा डबा घेऊन आल्या होत्या. दिवसातून एकदा, चिमूटभर, असं वहीत होतं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वही मोडली. खाद्य पडलं, तसे क्रेनवाले समाधानानं मागं टेकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "त्यांना भूक लागलीय." पुन्हा चिमूट. तिसऱ्या दिवशी, "त्यांना पुरलं नाही." बाईंनी डबाच उपडा करायचा बाकी ठेवला. नवऱ्याच्या तोंडून वाक्य पडत होतं, आणि त्या वाक्यासाठी त्यांनी खाद्यच काय, पगारी स्वयंपाकीसुद्धा ठेवला असता.

आठवड्यात पाणी ढगाळलं. दोन मासे पोट वर करून तरंगले. मग एक दिसेना. मग दुसरा, तिसरा. झाडांत नाहीत, फिल्टरमध्ये नाहीत, कपाटामागं नाहीत. उरला एक.

"घातलंत ना जास्त?" दुकानदार फोनवर ओरडला. "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"पण तिघांचा पत्ताच नाही हो."

"मेलेला मासा उरलेले खातात. काटासुद्धा ठेवत नाहीत."

चूक आपली होती, हे बाईंना कबूल होतं. उत्तर पटण्यासारखं होतं, आणि बाईंनी ते पटवून घेतलं.

४

"आता एकच मासा आहे, तर त्याचा उपयोग करू," थेरपिस्ट म्हणाली. "काकांचा वचनाचा घोळ होतोय. एका माशाला ते 'त्यांना' म्हणतात. मेंदूच्या या आजारात होतं असं, काकू. तुम्ही तर मास्तरीणच आहात. एकवचन पक्कं करून घ्या."

बाई कामाला लागल्या. एकवचन हा तर त्यांच्या हातचा मळ.

"एक मासा. म्हणा."

"एक मासा."

"तो मासा."

"तो मासा."

"त्याला भूक लागली."

"त्याला भूक लागली." क्रेनवाल्यांचं बोट बरोबर त्या केशरी माशावर होतं. डाव्या कोपऱ्यात, काचेला चिकटलेला.

"शाब्बास! बघा, येतंय की. मग 'त्यांना' कशाला म्हणायचं?"

क्रेनवाल्यांचं बोट हललं. पाण्यावरून सावकाश उजवीकडे गेलं. भिंतीजवळ, टँकच्या काठावर येऊन थांबलं. आणि पहिल्यांदाच त्यांनी आवाज खाली आणला. चाळीस फुटांवरून बोलायची सवय असलेला माणूस, तो कुजबुजला.

"ते. बसलेत."

बाई हसल्या. हसू संपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपली मान, मनगटं, सगळं गार पडलंय. त्यांना पहिल्या दिवसाचा "आले" आठवला. तेव्हा टँकमध्ये एकही मासा नव्हता. काळ चुकलाच नव्हता. वचनही चुकलं नव्हतं. चौतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेला नियम त्यांनी आपल्याच घरात लावून पाहिला नव्हता. व्यक्ती एक, पण मान द्यायचा असेल, तर क्रियापद अनेकवचनी. लावणार कसा? मान देणं या माणसाच्या व्याकरणातच नव्हतं. त्यानं देवालासुद्धा अरे-तुरेच केलं होतं.

"कोण बसलेत?" बाईंनी विचारलं. आवाज शाळेतला, कडक. तोच हाताशी होता.

क्रेनवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्यासमोर असं विचारू नये, असं काहीसं.

५

बाई घाबरल्या, पण घाबरून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टँकच्या काचेला शाळेतली फूटपट्टी चिकटटेपनं लावली. शून्य निळ्या रेघेवर. खिडकी बंद केली. पंखा बंद केला. फिल्टरची पिन काढली. मग कपाटासमोर पाट टाकून बसल्या, नाक काचेपासून वीतभर अंतरावर.

चारला दोन मिनिटं कमी. पाणी शून्यावर, आरशासारखं स्तब्ध. खोलीत क्रेनवाल्यांच्या श्वासाखेरीज आवाज नव्हता.

चार.

पाणी चढू लागलं. गडबड नाही, खळबळ नाही. बादलीत कपडा भिजत घातला की चढतं तसं, बेतानं. एक सेंटिमीटर. दीड. माशानं उजवीकडे तोंड केलं. तीन सेंटिमीटरवर पाणी थांबलं, आणि वर्तुळं उठून काचेवर विरली. वर्तुळांचे मध्य दोन होते.

उष्णतेनं पाणी फुगतं, बाईंनी मनाशी म्हटलं. तीन सेंटिमीटर फुगत नाही, हेही त्यांनीच म्हटलं. काच वाकली असेल. इमारत कलली असेल. मग त्यांची नजर तळाला गेली, आणि कारणं संपली.

उजव्या कोपऱ्यातली खडी दबत होती. शेजारी शेजारी दोन खळगे, लांबट. मागं खोल, मध्ये उथळ. आणि प्रत्येक खळग्याच्या पुढच्या कडेला बारीक खड्ड्यांची रांग. त्या रांगा मध्येच जराशा हलल्या. दिवसभर उभा राहिलेला माणूस पाण्यात बोटं मोकळी करतो, तशा.

बाईंना वर पाहायचं होतं. काठावर, भिंतीजवळ, जिथं गुडघे असायला हवे होते तिथं. त्यांनी सगळी ताकद एकवटून मान उचलली, अर्धी. भिंतीवरच्या रंगाचा एक पट्टा त्यांना दिसला. तो रोजच्यापेक्षा लांब वाटत होता, काचेतून दिसावा तसा.

"त्यांना गार वाटतंय," मागून क्रेनवाले म्हणाले. "जागाही पुरत नाही."

तेवढ्यात मासा उडाला. काठावरून बाहेर, बाईंच्या मांडीवर आणि तिथून फरशीवर. त्याला उचलून परत सोडायला बाईंचा हात काही केल्या पाण्याजवळ जाईना. मासा फरशीवर तडफडला आणि थांबला. बाईंनी त्याची माफी मागितली.

६

त्यांनी टँक उपसला. मगनं मग, बादल्या भरभरून, भर सकाळी अकराला. खडी धुऊन पोत्यात भरली. काच व्हिनेगरनं पुसली. टँक गॅलरीत पालथा घातला आणि वर वीट ठेवली. हीटर, फिल्टर, खाद्याचा डबा, सगळं माळ्यावर. मग हात धुऊन त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"झालं. आता आपण दोघंच. मी शिकवीन तुम्हाला. बाराखडीपासून शिकवीन."

आणि शिकवलं. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. चित्रांची कार्डं केली, आरसा धरला, ओठांवर बोट ठेवून ध्वनी काढून दाखवले. क्रेनवाले बघत. बाईंकडे नाही, रिकाम्या कपाटाकडे. पहिल्या दिवशी एकही शब्द नाही. चौथ्या दिवशी हुंकारही थांबला. आठव्या दिवशी त्यांनी तोंडातला घास गिळायचं सोडून दिलं. बोटानं ढकलावा लागला.

थेरपिस्टनं तपासलं आणि पर्स मिटली. "काकू, इतकी सुधारणा होऊन अशी उतरण मी पाहिली नाही. काही बदललं का घरात?"

"टँक काढला."

"का? तो तर त्यांचा जीव होता."

बाई काय सांगणार? एका सर्वनामापायी काढला म्हणून सांगणार?

"परत लावा," थेरपिस्ट म्हणाली. जाताना दारात ती घुटमळली. "काकू, अशी घसरण सुरू झाली ना, की मग ती घशाशी थांबत नाही. समजतंय ना मी काय म्हणते?"

बाईंना समजलं. त्या दुपारी त्या गॅलरीत गेल्या आणि पालथ्या टँकसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना त्या खळग्यांची भीती वाटत होती. पण घरातली ती शांतता त्याहून वाईट होती. एकेचाळीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाचं तोंड उघडून त्यात बोटानं भात ढकलायचा, आणि त्यानं कपाटाकडे बघत राहायचं. नाही. असं त्याला जाऊ द्यायचं नाही, हे बाईंनी पक्कं केलं. कुणाचे का पाय असेनात.

त्यांनी वीट बाजूला केली. टँक सुलटा केला. तो उचलून आत आणायला कुणाला हाक मारावी, असा विचार करत त्या खोलीत परतल्या. घड्याळात चार वाजत होते.

७

"या," क्रेनवाले म्हणाले.

बाई उंबऱ्यातच थबकल्या. आठ दिवसांत कपाटाखेरीज कुठं न वळलेली नवऱ्याची नजर दाराकडे होती. चेहरा उजळलेला, अर्धाच, पण उजळलेला.

"आले हो, आले," बाई हुंदका देत म्हणाल्या, आणि दोन पावलं पुढं आल्या.

नजर त्यांच्याबरोबर सरकली नाही. दारातच राहिली. उंबऱ्याच्या थोडी आत, बाईंच्या डोक्याच्या बरीच वर.

"उभे का? बसा ना."

उभे. उभी नाही, उभ्याही नाहीत. बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात तीन वेळा तपासलं. त्यात चूक नव्हती. पाठीमागून गारवा येत होता, आणि फरशीवर ओल्या पावलांचा आवाज, जड, जरा पसरट. जागा पुरत नव्हती, ती आता पुरत होती.

किंचाळायचं असतं तर हीच वेळ होती. बाईंनी पदर खोचला. भिंतीशी असलेली वेताची खुर्ची ओढून क्रेनवाल्यांच्या समोर आणून ठेवली. मग दाराकडे न बघता, मान खाली घालून, पण शाळेतल्या ठाम आवाजात बोलल्या.

"बसा. राहायचं तेवढं राहा. पण यांना बोलतं ठेवा. ते थांबलं, तर मी तुम्हाला या घरात बसू देणार नाही."

काही वेळ काहीच झालं नाही. मग खुर्ची कुरकुरली. वेताच्या विणीला मध्यभागी झोळ पडला आणि तो पडत पडत पार फरशीला टेकायला आला.

आणि क्रेनवाले बोलू लागले. गोदीतलं, वाऱ्यात डोलणाऱ्या हुकाचं, वरून खालचं जग कसं दिसतं त्याचं. अडखळत नव्हते, शब्द शोधत नव्हते. अहो-जाहो करत, अदबीनं, मध्येच थांबून समोरच्याचं ऐकून घेत, मान डोलावत. बाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. घटकाभर झालं. त्यातलं एकही वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. तरी डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते निव्वळ भीतीचं नव्हतं.

मग क्रेनवाले थांबले. त्यांनी मान वळवली, आणि आजारानंतर पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं, नीट, ओळखून.

"अगं," ते म्हणाले.

बाई झटकन पुढं झाल्या. "काय हो? काय हवंय? सांगा ना."

"अगं, यांना पाणी आण की."

"आणते, आत्ता आणते," म्हणत बाई स्वयंपाकघरात धावल्या. फडताळातून पेला काढला, नळाखाली धरला. मग त्यांनी तो तसाच ओट्यावर ठेवला आणि बादली उचलली.